यवसुरेची परीक्षा

बिअर या पेयाविषयीं आपल्या मासिकांत लेख यावा, याचें कांहीं वाचकांस नवल वाटेल आणि कांहींस रागही येईल. दोन्ही भावना मला समजतात. मी स्वतः तें पेय घेत नाहीं आणि या वयांत घेण्याचा विचारही नाहीं. परंतु ज्या घरांत तीन पिढ्या एका पंक्तीस बसतात तेथें हल्लीं पुण्याहून, बंगळूरहून सुटीवर आलेल्या मुलांच्या बोलण्यांत 'स्टाउट', 'विटबिअर', 'आय. पी. ए.' असे शब्द येऊं लागले आहेत. आणि वडील मंडळींपाशीं त्यांवर उपाय दोनच असतात: ऐकूं न आल्यासारखें करणें किंवा ताटावरून उठणें. "दारू ती दारू, तींत प्रकार कसले?" हें वाक्य मीं किती तरी घरांत ऐकलें आहे. या वाक्यांत नीति किती आणि आळस किती, याचा विचार करावा असें मनांत आलें. एखादी वस्तु त्याज्य ठरविणें निराळें आणि तिच्यांतील भेदच नाकारणें निराळें. पहिल्याला धर्मशास्त्राचा आधार आहे. दुसऱ्याला कोणत्याच शास्त्राचा नाहीं.

मनूचेंच पाहा. सुरापानाचा निषेध त्याच्याइतका कडक दुसऱ्या कोणीं केला असेल? पण मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायांत हा निषेध करतांनाच सुरेचे गौडी, पैष्टी आणि माध्वी असे तीन प्रकार सांगितले आहेत. गौडी गुळाची, पैष्टी पिठाची; माध्वी म्हणजे मोहाच्या फुलांची, असा अर्थ करण्याची परंपरा आहे. निषेध करणाऱ्यानें आधीं मोजणी केली आणि मग दंड सांगितला. (त्याच अध्यायांत मद्याचा वास घेणें हाही जातिभ्रंशकर दोषांत गणला आहे. पुढील मजकुरांत मीं नाकानें जेवढी साक्ष मिळविली आहे, तेवढ्यापुरता मी मनुमहाराजांच्या मर्जीबाहेर आहें.) बिअर ही धान्याची, म्हणजे पैष्टी. तिला या लेखापुरतें मीं यवसुरा म्हटलें आहे.

ती होते कशी हें समजण्यास आपल्या गृहिणींना फार सायास पडणार नाहींत. तान्ह्या मुलासाठीं नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, दळून आपण सत्त्व करतों. जव याच रीतीनें मोड आणून भट्टींत वाळविले कीं त्याला माल्ट म्हणतात. मोड येतांना दाण्यांत कांहीं पाचक द्रव्यें उत्पन्न होतात. पुढें ऊन पाण्यांत तीं दाण्यांतल्या पिठाची साखर करतात. हें गोड पाणी हॉप नांवाच्या वेलीच्या फुलांबरोबर उकळतात. हॉपनें कडवटपणा येतो, सुवास येतो, आणि नासण्यासही आळा बसतो. मग तें निववून त्यांत किण्व, म्हणजे यीस्ट, सोडतात. तें साखर खाऊन मद्यार्क आणि कर्बवायु निर्माण करतें. बव्हेरियांतील १५१६ सालच्या प्रसिद्ध कायद्यानें बिअरला जव, हॉप आणि पाणी एवढींच तीन द्रव्यें नेमून दिलीं. जें किण्व सगळें काम करतें त्याचा त्यांत उल्लेखच नाहीं! त्याचें कार्य उलगडून दाखविणारा पाश्चरचा बिअरवरील ग्रंथ १८७६ सालीं निघाला, आणि १८८३ सालीं कोपनहेगन येथील कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेंत हान्सेननें एकाच पेशीपासून शुद्ध किण्व वाढवून दाखविलें.

आतां प्रकार. उबेंत, वर तरंगून काम करणारें किण्व घातलें तर 'एल', आणि थंडींत तळाशीं बसून सावकाश काम करणारें घातलें तर 'लागर', ही मुख्य वांटणी. तिच्या पोटांत पाणी, भाजणी आणि हॉप यांच्या भेदानें शाखा फुटतात. बोहेमियांतील पिल्झेन गांवचें पाणी अतिशय मृदु. तेथें १८४२ सालीं योझेफ ग्रोल नांवाच्या बव्हेरियन कारागिरानें सोनेरी, नितळ, हॉपच्या सुवासाची लागर तयार केली, आणि आज जगांत 'बिअर' म्हटल्यावर सामान्य मनुष्याच्या डोळ्यांपुढें जें चित्र उभें राहतें तें त्या गांवचें आहे. इंग्लंडांतील बर्टनचें पाणी याच्या उलट, जिप्समच्या क्षारानें जड. त्यांत कडवट एल उत्तम साधते. भाजणीची गोष्ट रवा भाजणाऱ्यास सांगावयास नको. फिकट, बदामी, तांबूस, आणि शेवटीं करपण्याच्या उंबरठ्यावर काळा, अशा पायऱ्या माल्टलाही आहेत. आयर्लंडची काळी 'स्टाउट' या शेवटच्या पायरीवरची. तिला कॉफीसारखा वास येतो, पण कॉफी तींत नसते. हिंदुस्थानचें नांव मिरविणारी 'इंडिया पेल एल', म्हणजे मुलांची आय. पी. ए., ही भरपूर हॉप घातलेली फिकट एल. लंडनजवळच्या बो येथील हॉजसन हा बिअरचा कारखानदार असली बिअर अठराव्या शतकाच्या अखेरीस इकडे पाठवीत असे. ती समुद्रप्रवासासाठीं खास शोधून काढली, अन्यथा वाटेंत सगळी नासत असे, ही कथा मात्र मुलांनीं सांगितली तर मान डोलवूं नये. काळी पोर्टर बिअरही त्याच जहाजांतून येत होती आणि धड पोहोंचत होती.

गेल्या हिवाळ्यांत पुण्यास पुतण्याकडे चार दिवस राहण्याचा योग आला. तो आणि त्याचे तीन मित्र महिन्यांतून एकदां एकत्र जमून निरनिराळ्या ठिकाणच्या बिअरी चाखतात आणि त्यांना गुण देतात. त्या दिवशीं त्यानें मला विचारलें, "काका, तुम्ही नुसते मार्क मोजाल का? आमच्यांत कोणाचा कोणावर विश्वास नाहीं." पस्तीस वर्षें उत्तरपत्रिका तपासलेल्या मनुष्यास हें आमंत्रण टाळणें कठीण. मी एका बाजूस पाटावर तक्ता घेऊन बसलों.

त्यांच्या हातांतील छापील गुणपत्रक मला त्या संध्याकाळचें सर्वांत रसाळ वाङ्मय वाटलें. अमेरिकेंत १९८५ सालीं बिअरच्या परीक्षकांना शिकविणारी व त्यांची परीक्षा घेणारी एक संस्था निघाली; 'बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम' हें तिचें नांव. हें पत्रक तिचें. एकूण गुण ५०. त्यांपैकीं वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडांतील स्पर्शाला ५ आणि एकंदर परिणामाला १०. रूपाला अवघे तीन! आमच्या काळीं शुद्धलेखन व सुवाच्य अक्षर यांसाठीं राखून ठेवलेल्या गुणांची मला आठवण झाली. पण तेथें सुंदर अक्षराच्या मुलाला परीक्षक नकळत इतर प्रश्नांतही झुकतें माप देत असत, आणि या पत्रकाची रचना नेमकी त्या मोहाविरुद्ध आहे. सुंदर फेस, सोनेरी झळाळी, यांनीं डोळा फसतो. म्हणून डोळ्याचा अधिकार आरंभींच तीन गुणांवर आणून ठेवला आहे. प्रत्येक रकान्यांत नुसता आंकडा चालत नाहीं. त्या आंकड्याचें कारण शब्दांनीं लिहावें लागतें. ४५ च्या वर गुण म्हणजे त्या प्रकाराचा आदर्श नमुना. १३ आणि त्याखालीं म्हणजे सदोष, आणि करणाऱ्याचा मान राखण्यासाठीं १३ च्या खालीं सहसा कोणी उतरत नाहीं. दोन परीक्षकांच्या गुणांत सातांहून अधिक अंतर पडलें तर त्यांनीं पुन्हा बोलून एकमेकांजवळ यावें असा संकेत आहे. शालान्त परीक्षेच्या मंडळांत आम्ही याहून निराळें काय करीत होतों?

कृतीचा क्रमही पक्का. बाटल्यांचीं नांवें झाकलेलीं. पेल्यांत दोन-तीन औंस, अधिक नाहीं. सौम्य प्रकार आधीं, तीव्र नंतर. ओतल्याबरोबर प्रथम वास, कारण सुवासाचीं द्रव्यें क्षणाक्षणाला उडून जातात. रंग पळून जात नाहीं, त्याला मागून पाहिलें तरी चालतें. मग लहान घोट; मग गिळल्यावर मागें काय उरतें तें. दोन पेल्यांच्या मध्यें पाणी आणि बिनमिठाचा पाव. अंगाला अत्तर लावून येण्यास मनाई. आणि सर्वांचे गुण लिहून होईपर्यंत कोणी 'वाहवा' म्हणावयाचें नाहीं, कीं नाक मुरडावयाचें नाहीं. शिवाय पेय बर्फासारखें गार नको; अति थंडीनें जीभ बधिर होते आणि वास पेल्यांतच दडून बसतो. नागपुरच्या वैशाखांत हा नियम कोणाच्या गळीं उतरेल असें नाहीं, पण जाहिरातींतली दंव धरलेली बाटली चव लपविण्यास किती सोयीची असते हें यावरून कळावें.

तिसऱ्या पेल्याशीं वाद झाला. पेल्यांत जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर, 'वाइझेन', होती. एका मित्रानें लिहिलें, "पिकल्या केळ्याचा वास, मागून लवंग," आणि वासाला १० गुण दिले. दुसरा नवखा होता. त्यानेंही केळें आणि लवंगच लिहिली, पण गुण दिले ४! त्याचें म्हणणें असें कीं बिअरला केळ्याचा वास येणें हा दोष आहे, आदल्या महिन्यांत याच दोषासाठीं एका पिल्झेनरचे गुण आपण कापले होते. तो चुकीचें सांगत नव्हता. त्या किण्वाच्या अंगचे हे दोन वास वाइझेनमध्यें अपेक्षित आहेत, नसले तर तीच उणीव. पिल्झेनरमध्यें आले तर कारागिराचा हात चुकला असें समजावें. काळ्या स्टाउटमध्यें भाजका कडवटपणा शोभा देतो, तोच फिकट गव्हाच्या बिअरींत आला तर करपलें म्हणावें. बेल्जियमच्या कांहीं बिअरी तर मुद्दाम आंबट असतात. दुसरीकडे तोच आंबटपणा नासल्याची खूण.

त्या मुलाला उत्तर द्यावयास मला नवव्या शतकांतील काश्मीरपर्यंत जावें लागलें. आनंदवर्धनानें ध्वन्यालोकांत काव्यदोषांविषयीं हाच विवेक केला आहे. श्रुतिदुष्टता, म्हणजे कानाला टोंचणारीं कठोर अक्षरें, हा दोष सर्वत्र दोष नाहीं. शृंगारांत तो त्याज्य, पण रौद्रांत तींच अक्षरें रसाला उठाव देतात. म्हणून असले दोष अनित्य मानले. काव्य कोणत्या रसाचें आहे हें ठरविल्यावांचून त्यांतील अक्षराला दोषी म्हणतां येत नाहीं. मुलांनीं हें शांतपणें ऐकून घेतलें. पुतण्या म्हणाला, "म्हणजे काका, आनंदवर्धन पास!" हें कौतुक त्या थोर पुरुषास पोहोंचो. वस्तुतः हें आश्चर्य नव्हेच. आपल्याकडे रसविचाराचा उगमच ताटावर झाला. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायांत भरतानें रस समजावतांना दृष्टांत घेतला तो नाना व्यंजनांनीं संस्कारलेलें अन्न चाखणाऱ्या सुमनस्क पुरुषाचा. आपण तो दृष्टांत नाटकाकडे नेला आणि ताटाकडे परत फिरकलों नाहीं.

चवथ्या पेल्यांत कांहीं तरी बिघडलें होतें हें चौघांनाही कळलें होतें, पण काय तें कोणाला सांगतां येईना. पुस्तकांत दोषांची यादी आहे: उकडलेल्या मक्याचा वास, हिरव्या सफरचंदाचा, ओल्या पुठ्ठ्याचा (हा जुनाट मालाचा), पारदर्शक बाटलीला ऊन लागलें तर हॉपमधून निघणारी एक घाण, जिच्यासाठीं बाटल्या तपकिरी करतात. पाव घटका खल चालला. इतक्यांत वहिनी पोळ्यांचें विचारण्यास बाहेर आल्या आणि दारांतूनच म्हणाल्या, "ताज्या लोण्याचा वास कसला येतोय रे इथं?" चौघेही एकमेकांकडे पाहूं लागले. किण्वाचें काम पुरतें होण्याच्या आधींच बिअर उतरविली तर तींत डायअॅसेटिल नांवाचें द्रव्य राहून जातें, आणि लोण्याला जो त्याचा वास येतो तो मुख्यतः याच द्रव्यानें. वहिनींनीं पेल्याला हातही लावला नव्हता.

मला या घटनेचें वाटलें तें असें. नाकाचें शिक्षण आपल्या घरांत झालेलें आहे, पण तें माजघरांत राहिलें. खवट, कुबट, आंबूस, उग्र, करपट, कच्चट, शिळा, खमंग: या प्रत्येक शब्दाला नेमका अर्थ आहे आणि कोणतीही अनुभवी गृहिणी यांची गल्लत करणार नाहीं. खवट म्हणजे तेल किंवा खोबरें बिघडलेलें. कुबट म्हणजे ओल कोंडलेली. आणि 'खमंग' शब्दांत तर भाजणीची नेमकी वेळ सामावलेली आहे. ती मुलें मात्र हे सगळे वास इंग्रजींत लिहीत होतीं, आणि दोनदां त्यांना शब्द सांपडला नाहीं तेव्हां मराठीनें सोडविलें. एका स्टाउटपुढें 'खमंग, करपट नव्हे' असें देवनागरींत लिहिलेलें गुणपत्रक मीं मुद्दाम मागून घेतलें आहे.

संस्कृताकडे पाहिलें तर ही शब्दसंपत्ति थक्क करणारी आहे. सौत्रामणि यागांतील सुरेसाठीं अंकुरलेल्या भाताला शष्प, अंकुरलेल्या जवाला तोक्म अशीं स्वतंत्र नांवें आहेत. त्यांत लाह्या आणि नग्नहू नांवाचें किण्व मिसळून तीन रात्री ठेवावयाचें. मोड आणलेलें धान्य घेण्याची ही युक्ति म्हणजे माल्टच. चरकानें सूत्रस्थानांत चौऱ्यांशी आसव मोजले, आणि त्यांत धान्याचे सहा निराळे काढले. कौटिल्याचा तर सुराध्यक्षावर एक स्वतंत्र अध्यायच आहे. हें अर्थशास्त्र शतकानुशतकें लुप्त होतें. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं तें छापून काढलें. त्यांत मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे सहा प्रकार द्रव्यांच्या मापांसह दिले आहेत: एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व म्हणजे मेदक. द्राक्षाच्या मद्याला गांवावरून नांव देण्याची रीतही तेथें आहे. कापिशायन हें कपिशा देशावरून. आणि पानगृहांत निरनिराळ्या खोल्या, आसनें, फुलें, ऋतूप्रमाणें सुखद पाणी असावें असें सांगून लगेच पुढें येणाऱ्यांच्या खर्चावर हेरांनीं नजर ठेवावी हेंही सांगितलें आहे. कौटिल्य कोणालाच पुरता मोकळा सोडीत नाहीं.

मला सर्वांत आवडतो तो शार्ङ्गधर. एकाच मडक्यांतील सुरेचे त्यानें थर पाडले. वरचा नितळ भाग प्रसन्ना, त्याखालीं किंचित् दाट ती कादंबरी, त्याखालचा जगल, जगलाहून दाट मेदक, आणि सार निघून गेल्यावर उरलेला चोथा तो सुराबीज किंवा किण्व. बाणभट्टाच्या कादंबरीची नायिका आणि आपला 'कादंबरी' हा वाङ्मयप्रकार, यांचें नांव मडक्यांतील दुसऱ्या थराशीं जुळतें, हें कादंबरीवाचनाचा निषेध करणाऱ्या जुन्या पिढीला माहीत असतें तर एक युक्तिवाद त्यांना आणखी मिळाला असता! ज्या भाषेनें एका भांड्याला पांच नांवें दिलीं तिच्याच वारसांनीं पुढें सगळ्याला मिळून 'दारू' हा एक शब्द पुरेसा मानला. आणि तो शब्दही फारसीकडून आलेला, मूळ अर्थ औषध.

पुण्यांत या नव्या धंद्याचा आरंभ २००९ सालीं 'डूलाली' या नांवानें झाला. महाराष्ट्रांत लहान प्रमाणावर जागच्या जागीं बिअर गाळून विकण्याचा तो पहिला कारखाना. नांवामागें नाशिकजवळचें आपलें देवळाली आहे. विलायतेस परतणाऱ्या गोऱ्या शिपायांना जहाजाची वाट पाहत तेथील छावणींत महिनेमहिने काढावे लागत. त्या कंटाळ्यानें डोकें फिरलेल्या मनुष्याला 'देवळालीचा ताप' चढला असें म्हणत, आणि त्याचाच अपभ्रंश इंग्रजींत 'डूलाली' होऊन 'वेडा' या अर्थीं रूढ झाला. ताप हा शब्दही आपलाच. पुढें पुण्यामुंबईंत असे अनेक कारखाने निघाले.

त्यांत जी 'विटबिअर' पुष्कळ ठिकाणीं मिळते तिच्याकडे नागपुरकरानें कुतूहलानें पाहावें. ही बेल्जियमची पांढरट गव्हाची बिअर जवळजवळ नामशेष झाली होती. हूगार्डन गांवच्या पिअर सेलिस यानें १९६६ सालीं ती पुन्हा चालू केली. तींत मोड न आणलेला गहूं, धने आणि वाळलेल्या संत्र्याची साल पडते. साल हवी ती कडू जातीच्या संत्र्याची. आपलें संत्रें गोड आणि सैल सालीचें. रघूजी भोंसल्यांनीं तें औरंगाबादेहून आणून आपल्या बागेंत लावलें असें सांगतात, आणि २०१४ सालीं त्याला भौगोलिक निर्देशनही मिळालें. त्या सालीच्या तेलाचा वास कोंवळा आहे. तो उकळींत टिकत नाहीं, म्हणून शेवटीं शेवटीं घालावी लागते असें पुतण्याचें म्हणणें. त्यानें घरच्या गुळचट सालीचें एक कूट करून नेलें आहे. निकाल अद्याप कळविलेला नाहीं.

हें सारें ऐकून कोणी म्हणेल, ही चार शहरी मुलांची हौस. देशाचा व्यवहार काय आहे? व्यवहार असा आहे कीं भारतांत खपणाऱ्या बिअरीचा बहुतेक भाग 'स्ट्राँग' म्हणजे पांच टक्क्यांहून अधिक, आठांपर्यंत मद्यार्क असलेली. पैशाला जास्तींत जास्त नशा हाच तिचा गुण, आणि तो मोजावयास जीभ लागत नाहीं. आपल्या राज्यांत बिअरला वयाची मर्यादा २१ वर्षें आणि कडक मद्यांना २५. म्हणजे कायद्यानें तरी प्रकार ओळखले आहेत. पुतण्याच्या बैठकींत एका संध्याकाळीं चार पेले, प्रत्येकीं तीन औंस. सबंध गुणपत्रक भरावयाचें असेल तर त्याहून जास्त पितांच येत नाहीं, कारण पांचव्याला नाक खोटें बोलूं लागतें. ज्या घरांतील मुलें पितातच, त्या घरच्या वडिलांनीं कोणत्या बैठकीला अधिक भ्यावें हें त्यांनींच ठरवावें.

पण पैष्टीचें एवढें कौतुक झाल्यावर माध्वीकडे वळलें पाहिजे, कारण ती आपल्या विदर्भाची. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतील रानांत मार्चएप्रिलच्या पहाटे मोहाचीं फुलें गळतात. चरकाच्या दहा पुष्पासवांत मधूक आहे. इतकी जुनी परंपरा असून या मद्याचें कधीं कोणीं परीक्षण केलें आहे काय? इंग्रजी अमलांत १८९२ च्या मोहडा कायद्यानें ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत फुलें जवळ बाळगण्यावरच बंधन आलें. त्यांत सरकारी मद्यावरील कराचा हिशेब मोठा होता. पुढें हातभट्टी हा एकच शब्द उरला, आणि त्यांत नवसागर घातलेलें विष व निगुतीनें काढलेलें पहिल्या धारेचें मद्य एकाच पंक्तीस बसलें. २०२१ सालीं महाराष्ट्र शासनानें मोहफुलांच्या संकलनावरील व वाहतुकीवरील निर्बंध उठविले. त्याच वर्षीं मध्य प्रदेशानें मोहाच्या मद्याला वारसा म्हणून मान्यता देण्याचें धोरण जाहीर केलें.

येथें दुसरी बाजू गडद आहे आणि ती झांकूं नये. वर्धा जिल्ह्यांत १९७४ पासून दारूबंदी आहे. गडचिरोलींत १९९३ पासून आहे, आणि ती तेथील स्त्रियांनीं व कार्यकर्त्यांनीं झगडून आणली. चंद्रपुरांत २०१५ सालीं आली आणि २०२१ सालीं उठली. ज्या बायकांनीं नवऱ्याच्या मजुरीचे पैसे गुत्त्यावर जातांना पाहिले त्यांच्यापुढें गुणपत्रकाची गोष्ट काढणें निर्लज्जपणाचें होईल. मी काढणार नाहीं. मात्र बंदी असो वा नसो, विषारी आणि निर्विष हा भेद जेथें कोणी करीतच नाहीं तेथें विष विकणाऱ्याचें फावतें, एवढें त्यांच्यांतील वडीलधाऱ्या बाईलाही मान्य व्हावें. यवसुरेला प्रकार मिळाले, प्रकारांना लक्षणें मिळालीं, लक्षणांवरून दोष ठरले, आणि दोष ठरले म्हणून दोष करणाऱ्याला जाब विचारतां आला. मोहाला यांतलें पहिलें पाऊलही मिळालेलें नाहीं.

परीक्षेचें साहित्य मात्र रानांत तयार आहे. फूल वेंचणाऱ्या स्त्रिया झाडाखालचा पालापाचोळा आधींच झाडून ठेवतात, म्हणजे फुलाला माती लागत नाहीं. उजाडण्यापूर्वीं गळालेलें फूल मऊ, मांसल, पिंवळट पांढरें असतें. उन्हांत वाळवून तांबूस तपकिरी होतें. वाळवतांना ओल राहिली तर त्याला कुबट वास धरतो, आणि तें फूल निराळें काढून ठेवतात. आंतले केसर काढलेलें आणि न काढलेलें यांत भाव निराळा. चांगल्या फुलाचे लाडू होतात, भाकरींत घालतात. तिकडच्या घरांत तें खाऊ म्हणूनही असतें. मीं पुतण्याला लिहिलें आहे कीं यंदा मार्चअखेर इकडे ये; चंद्रपूरकडे माझा एक जुना विद्यार्थी वनखात्यांत आहे, तो पहाटे रानांत नेईल. येतांना तीं कोरीं गुणपत्रकें आण, आणि वहिनींनाही घेऊन ये.